गुंतागुंतीच्या समस्या आणि शैक्षणिक तंत्रज्ञान : मुंबईतल्या शाळेत पहिले संशोधन कसे करावे

एम.एड.चा लघुप्रबंध, पीएच.डी.चा संशोधन आराखडा किंवा स्वतःच्या वर्गातला कृतिसंशोधनाचा प्रकल्प यांपैकी काहीही हाती घेताना 'तंत्रज्ञानामुळे मुले अवघड समस्या सोडवायला शिकतात का' हा विषय अनेक शिक्षकांना जवळचा वाटतो. मलाही वाटला होता. मी मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत शिकवत असताना अर्धवेळ संशोधन केले आणि त्याचे पहिले वर्ष जवळजवळ वाया घालवले, कारण मी सुरुवात सॉफ्टवेअरपासून केली होती. 'अमुक सॉफ्टवेअरचा इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांच्या समस्या निराकरण क्षमतेवर होणारा परिणाम' असे शीर्षक घेऊन समितीपुढे गेले, तेव्हा पहिलाच प्रश्न आला : 'कोणती समस्या?' माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढचा सगळा क्रम त्या प्रश्नामुळे उलटा झाला, आणि तोच क्रम योग्य होता असे आज माझे मत आहे. खाली तो टप्प्याटप्प्याने मांडला आहे.

१. आधी समस्या निवडा, साधन नंतर

पाठ्यपुस्तकातले 'एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत' हे उदाहरण अवघड असू शकते, पण संशोधनाच्या अर्थाने ते गुंतागुंतीचे नसते. त्यात लागणारी सगळी माहिती दिलेली असते, रीत ठरलेली असते आणि उत्तर एकच असते. डेव्हिड जोनासेन यांनी २००० साली समस्यांचे ११ प्रकार मांडले. तर्काची कोडी आणि ठरावीक रीतीची गणिते एका टोकाला येतात, तर ज्यांचे एकच बरोबर उत्तर नसते असे पेच दुसऱ्या टोकाला. नवख्या संशोधकाने आपली समस्या या दोन टोकांमध्ये कुठे बसते ते एका परिच्छेदात लिहून काढावे. हा परिच्छेद जमला नाही, तर पुढे काहीच जमत नाही.

गुंतागुंतीची समस्या ओळखण्याच्या खुणा साधारण चार आहेत. तिच्यात अनेक घटक एकमेकांत अडकलेले असतात, त्यांतले काही दिसत नाहीत, आपण काही केले नाही तरी परिस्थिती आपोआप बदलत राहते, आणि गाठायची उद्दिष्टे एकमेकांच्या आड येतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ डीट्रिश डर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४८ जणांना संगणकावरच्या एका काल्पनिक गावाचे महापौर केले होते. त्या गावात २,००० हून अधिक चल, म्हणजे बदलत राहणारे घटक, होते आणि प्रत्येकाने १० वर्षांचा कारभार पाहायचा होता. मुंबईकराला यासाठी काल्पनिक गाव लागत नाही. हिंदमाताच्या सखल भागात पाणी का तुंबते, एवढाच प्रश्न वर्गात मांडून पाहा. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्यांचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. पंप लावावेत, तर उपसलेले पाणी नेमके कुठे न्यायचे, हा पुढचा प्रश्न उभा राहतो. मुले हिरिरीने बोलतात.

मात्र पहिल्या अभ्यासासाठी एवढी मोठी समस्या घेऊ नका. मोठ्या समस्येचा कणा असलेली एक लहान समस्या शोधा. मी साठा आणि प्रवाह यांचे नाते निवडले, म्हणजे किती येते, किती जाते आणि त्यामुळे किती उरते. ते ऐकायला बाळबोध वाटते, म्हणून पुढचे उदाहरण नीट पाहा.

इमारतीच्या टाकीत दर तासाला अनुक्रमे ८, १०, १०, ७, ५ आणि ३ बादल्या पाणी येते, आणि दर तासाला ४ बादल्या पाणी वापरले जाते. टाकीत सर्वांत जास्त पाणी केव्हा असेल? बहुतेक मुले 'तिसऱ्या तासाला' म्हणतात, कारण त्यानंतर येणारे पाणी कमी होते. खरे उत्तर पाचव्या तासाच्या अखेरीस हे आहे. येणारे पाणी ५ बादल्यांवर आले तरी जाणारे ४ च आहे, म्हणजे टाकी अजून भरतेच आहे. ही चूक फक्त मुलांची नाही. लिंडा बूथ स्वीनी आणि जॉन स्टर्मन यांनी २००० साली एमआयटीच्या व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अशाच प्रकारचे प्रश्न दिले होते आणि त्यांच्यातही ती मोठ्या प्रमाणावर आढळली. वातावरणातल्या कार्बन डायऑक्साइडबद्दल मोठी माणसे याच पद्धतीने चुकतात : उत्सर्जन थोडे घटले की साठाही घटला असे त्यांना वाटते.

२. वाचन कुठे आणि किती

मुंबईत या विषयासाठी फार लांब जावे लागत नाही. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे आणि १९७४ पासून विज्ञान व गणित शिक्षणावर काम करते. पवईच्या आयआयटीत २०१० पासून शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएच.डी. करता येते. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहू आवारात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. अशा संस्थांत होणारी खुली व्याख्याने ऐकायला जा. एखाद्या संशोधकाला आपला प्रश्न दोन वाक्यांत सांगता येतो का, याची तिथे चांगली परीक्षा होते.

घरबसल्या वाचण्यासाठी भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचे 'शोधगंगा' हे भांडार आणि शिक्षणविषयक लेखांची 'एरिक' ही सूची या दोन्ही विनामूल्य आहेत. संदर्भांची नोंद पहिल्या दिवसापासून 'झोटेरो'त ठेवा. हे सॉफ्टवेअरही फुकट मिळते. मी सुरुवातीला वहीत नोंदी केल्या आणि शेवटी पृष्ठक्रमांक शोधण्यात दिवाळीची सुटी घालवली.

वाचताना तीन वाद माहीत करून घ्या, कारण मौखिक परीक्षेत त्यांच्यावरच प्रश्न येतात.

पहिला वाद माध्यमाचा आहे. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये असे मांडले की माध्यम हे किराणा वाहून आणणाऱ्या ट्रकसारखे असते आणि पोषण किराण्यातून होते, ट्रकमधून नव्हे. रॉबर्ट कोझमा यांनी १९९१ पासून त्याला उत्तर दिले : काही माध्यमांत अशा गोष्टी करता येतात ज्या दुसऱ्यांत करता येत नाहीत, त्यामुळे माध्यम आणि पद्धत इतक्या सहज वेगळ्या काढता येत नाहीत.

दुसरा वाद मार्गदर्शनाचा आहे. जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये दाखवले की नवख्याला समस्या सोडवायला लावली की त्याची सगळी शक्ती उत्तरापर्यंत पोहोचण्यातच खर्च होते आणि शिकायला जागा उरत नाही. यालाच बोधात्मक भार म्हणतात. याच्या उलट मनु कपूर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास भारतातल्याच अकरावीच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांवर होता. आधाराविना अवघड, मोकळ्या समस्यांशी झगडलेले गट त्या वेळी अपयशी ठरले, पण नंतरच्या चाचणीत पुढे गेले. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचा. केव्हा मदत करायची आणि केव्हा हात आखडता घ्यायचा हा प्रश्न त्यांतून उभा राहतो, आणि माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

तिसरा वाद समस्या सोडवण्याची क्षमता सर्वसाधारण असते की विषयाला बांधलेली असते, हा आहे. त्याची ओळख असली तरी पहिल्या अभ्यासाला पुरते.

३. संशोधन प्रश्न लिहा

'परिणाम होतो का' असा प्रश्न लिहू नका. कोणाच्या विचारात, कोणत्या चुकीत, कोणत्या कृतीमुळे बदल होतो, असे विचारा. माझा शेवटचा प्रश्न असा होता : येणारा आणि जाणारा प्रवाह स्वतः बदलून पाहता येणाऱ्या सिम्युलेशनवर (संगणकावरच्या चालत्या प्रतिकृतीवर) काम केलेले आठवीचे विद्यार्थी, तीच आकडेमोड कागदावर केलेल्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत, साठ्याचा आलेख काढताना प्रवाहाच्या आलेखाची नक्कल करण्याची चूक कमी करतात का, आणि तलावाच्या नव्या उदाहरणात ती समज वापरतात का?

वाक्य लांब आहे, परंतु त्यात तुलना, चूक, वयोगट आणि नवे उदाहरण हे चारही घटक आहेत. मार्गदर्शक ते लहान करायला सांगतील. शीर्षक लहान करा, प्रश्न मात्र तसाच राहू द्या.

४. साधन निवडा

आता सॉफ्टवेअरकडे वळा. यूरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये तयार केलेले 'नेटलोगो' हे सिम्युलेशन बनवण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि एकदा संगणकावर बसवले की इंटरनेट लागत नाही. त्यात साठा आणि प्रवाहांची रचना करण्याची सोयही आहे. साधी स्प्रेडशीटसुद्धा चालते. माझ्या पथदर्शी अभ्यासात, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या तालमीत, ती वाईट ठरली नाही.

साधन ठरवण्याआधी शाळेच्या संगणक कक्षात जाऊन स्वतः यंत्रे मोजा. फलकावर २० असतील, चालू १२ निघतील, त्यांतल्या दोघांचे माउस बिघडलेले असतील. ३५ मिनिटांच्या तासिकेतली दहा मिनिटे रांगेने येण्यात, बसण्यात आणि यंत्र सुरू होण्यात जातात. मुलांच्या घरच्या मोबाइलवर अभ्यास आखू नका. तो बहुधा वडिलांचा किंवा आईचा असतो आणि मुलांच्या हाती रात्री जेवणानंतर येतो. पडद्यावरची इंग्रजी नावे मुलांना अडतात, म्हणून प्रत्येक बटणाचे मराठी नाव लिहिलेला एक कागद यंत्राशेजारी चिकटवा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण ती केली नाही तर तुम्ही समस्येऐवजी इंग्रजी मोजता.

५. काय मोजायचे

हा टप्पा सर्वांत जास्त वेळ मागतो आणि सर्वांत कमी वेळ दिला जातो. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीचे गुण पुरत नाहीत. उत्तर बरोबर येऊनही विचार चुकलेला असू शकतो आणि विचार सुधारूनही बेरीज चुकू शकते.

मी तीन गोष्टी मोजल्या. पहिली, वर्गात सोडवलेल्यांसारख्याच प्रश्नांची लेखी चाचणी. दुसरी, अध्ययन संक्रमणाचा प्रश्न, म्हणजे शिकलेले नव्या उदाहरणात वापरता येते का हे पाहणारा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी एकाचे मी स्वतः तयार केलेले आकडे देऊन पाऊस ओसरल्यावर साठ्याचे काय होईल असे विचारले. तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर ही नावे मुलांनी पावसाळ्यातल्या बातम्यांत ऐकलेली असतात, त्यामुळे प्रश्न परका वाटत नाही. तिसरी, आठ विद्यार्थ्यांनी मोठ्याने विचार करत सोडवलेला एक प्रश्न, ध्वनिमुद्रित केलेला.

तिसऱ्या प्रकाराने मला जे दिले ते गुणांनी दिले नसते. एका मुलीने साठ्याची रेघ प्रवाहाच्या रेघेबरोबर खाली आणली. 'नळ कमी झाला म्हणजे टाकी उतरली ना,' ती म्हणाली. मी काहीच बोलले नाही. तिने पेन्सिल उचलली, थोडा वेळ कागदाकडे पाहिले आणि म्हणाली, 'पण आमच्याकडे सकाळी धार बारीक होते तरी पिंप भरतच असतं. आई पूर्ण बंद होईपर्यंत थांबते.' मग तिने रेघ खोडून वर नेली. ती कागदाच्या गटात होती. तिने संगणकाला हातही लावला नव्हता. त्या दिवशी मला कळले की माझ्या अभ्यासात तुलनेचा गट किती आवश्यक होता. फक्त संगणकाचा गट घेतला असता, तर अशा सगळ्या सुधारणांचे श्रेय मी बिनदिक्कत सिम्युलेशनला देऊन मोकळी झाले असते.

मोठ्याने विचार करून घेताना 'तू असे का केलेस?' असे विचारू नका. मूल लगेच कारण रचते. 'मनात काय चाललंय ते बोलत राहा' एवढेच म्हणा आणि गप्प राहिल्यास तेच पुन्हा म्हणा. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी या पद्धतीची जी शिस्त घालून दिली, तिचा गाभा हाच आहे.

उत्तरांचे वर्गीकरण दोघांनी स्वतंत्रपणे करावे. 'आमचे ८० टक्के जुळले' एवढे पुरेसे नसते, कारण काही जुळणी योगायोगानेही होते. जेकब कोहेन यांचा १९६० चा कप्पा गुणांक ती वजा करतो आणि तो हाताने काढता येतो. दुसरी व्यक्ती म्हणून सहकारी शिक्षक चालतात, पण कोणता कागद कोणत्या गटाचा आहे ते त्यांना कळू देऊ नका.

६. परवानग्या आणि कागदपत्रे

हे काम वाचनाबरोबरच सुरू करा. महानगरपालिकेच्या शाळेसाठी पालिकेच्या शिक्षण विभागाची लेखी परवानगी लागते. खासगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापकांबरोबर संस्थाचालकांचीही संमती घ्यावी. एका शाळेत मला मुख्याध्यापकांनी तोंडी होकार दिला, त्यांची बदली झाली आणि नव्या मुख्याध्यापकांनी सगळे पहिल्यापासून मागितले. लेखी पत्र आणि आवक क्रमांक हाती असल्याशिवाय वेळापत्रक आखू नका.

जवळ ठेवायची फाइल अशी :

– विद्यापीठाचे किंवा मार्गदर्शकांचे शिफारसपत्र, ज्यावर संशोधनाचे शीर्षक आणि कालावधी स्पष्ट असेल
– दोन पानांचा मराठी सारांश, त्यात किती तासिका हव्यात हे पहिल्या परिच्छेदात
– चाचण्या, मुलाखतीचे प्रश्न आणि सिम्युलेशनच्या पडद्याची छापील प्रत
– संस्थेच्या नीतिविषयक समितीची मंजुरी
– पालकांचे संमतीपत्र आणि विद्यार्थ्याचे स्वतःचे सहमतीपत्र, दोन्ही मराठीत
– ओळखपत्राची प्रत
– माहिती कुठे ठेवली जाईल, कोण पाहील आणि केव्हा नष्ट होईल याचे लेखी निवेदन

पालकांच्या सहीबरोबर मुलाचा होकारही लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत, पण वयाप्रमाणे मुलांची सहमती कशी घ्यावी हे त्यांत नेमके सांगितले आहे आणि शिक्षण संशोधकालाही ते उपयोगी पडते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे. म्हणून मुलांचे खरे नाव किंवा पालकांचा मोबाइल क्रमांक कोणत्याही ऑनलाइन साधनात भरू नका. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि नाव-क्रमांकाची यादी कागदावर, कुलपात ठेवा. संमतीपत्र पालकांना वाचून दाखवावे लागले तर दाखवा. शाळेच्या फाटकाशी उभे राहून घाईत घेतलेल्या सहीला संमती म्हणता येत नाही.

७. पथदर्शी अभ्यास टाळू नका

पाच-सहा मुले, एक दुपार, एवढे पुरते. माझ्या पहिल्या चाचणीत 'निचरा' हा शब्द होता आणि सहापैकी चौघांना तो कळला नाही. 'बाहेर जाणारे पाणी' असे लिहिल्यावर त्याच मुलांनी प्रश्न सोडवले. वेळही इथेच मोजा. वीस मिनिटांची वाटलेली चाचणी पस्तीस मिनिटे चालते.

८. गट कसे पाडावेत आणि केव्हा

'अ' तुकडी संगणकावर आणि 'ब' तुकडी कागदावर, ही सर्वांत सोपी आणि सर्वांत धोक्याची वाट आहे. अनेक शाळांत तुकड्या गुणांवरून पडलेल्या असतात, शिवाय दोन तुकड्यांचे शिक्षक वेगळे असतात. मग फरक तुकडीचा, शिक्षकाचा की साधनाचा, हे सांगता येत नाही. यावर मला उपाय सापडला तो यंत्रांच्या टंचाईतूनच. यंत्रे बाराच असल्याने अर्धा वर्गच कक्षात बसू शकत होता. म्हणून चिठ्ठ्या टाकून एकाच तुकडीचे दोन भाग केले. दोन्ही भागांना लागोपाठच्या तासिकांत मीच शिकवले, आकडे तेच आणि प्रश्न तेच ठेवले, फक्त एका भागापुढे पडदा आणि दुसऱ्यापुढे कागद. दोन तासिकांमध्ये मधली सुटी येऊ देऊ नका. मुले डब्याबरोबर उत्तरेही वाटून घेतात.

वेळेबाबत : जून प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातो. जुलै चांगला, पण अतिवृष्टीची सुटी केव्हाही जाहीर होते, म्हणून प्रत्येक सत्रामागे एक राखीव दिवस धरा. गणपतीनंतर सहामाही परीक्षेची तयारी सुरू होते. दिवाळीच्या सुटीनंतरचे पहिले तीन-चार आठवडे मला सर्वांत शांत वाटले. डिसेंबरात स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा असतात, आणि फेब्रुवारीपासून दहावीच्या परीक्षेपुढे शाळेत दुसऱ्या कशालाच जागा नसते. निवडणुकीचे वर्ष असेल तर शिक्षकांच्या कामाच्या नेमणुका आधी विचारून घ्या.

९. विश्लेषण आणि लेखन

ध्वनिमुद्रण त्याच रात्री ऐका. आठवड्याने ऐकले की मुलाने 'इथे' म्हणताना बोट कुठे ठेवले होते ते आठवत नाही.

संख्यात्मक भागात फक्त सरासरीतला फरक सार्थ आहे की नाही, म्हणजे तो निव्वळ योगायोगाचा मानता येईल का, एवढे लिहून थांबू नका. फरक किती मोठा आहे तेही द्या. मुले थोडी असतील तर तसे स्पष्ट लिहा. चाळीस मुलांच्या आधारावर 'महाराष्ट्रातील विद्यार्थी' असे म्हणता येत नाही. फरक न आढळणे हाही निष्कर्ष असतो. माझ्या अभ्यासात सारख्या प्रश्नांच्या चाचणीत दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत राहिले, फरक दिसला तो तलावाच्या प्रश्नात. सिम्युलेशनच्या गटातली मुले 'आत येणारं अजून जास्त आहे का' असे स्वतःला विचारताना ध्वनिमुद्रणात ऐकू येत होती. मार्गदर्शकांनी तो निष्कर्ष जपून मांडायला सांगितले, आणि ते योग्यच होते.

अभ्यास संपल्यावर कागदाच्या गटाला सिम्युलेशनची एक तासिका द्या. संमतीपत्रात तसे वचन लिहिलेले असावे आणि वेळापत्रकात त्या तासिकेची तारीख आधीच धरलेली असावी, कारण माहिती हाती आल्यावर संशोधकाचे शाळेत जाणे कमी होते आणि मुले मात्र 'बाई, आमचा नंबर कधी' असे विचारत राहतात. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना निष्कर्षांचे एक पान मराठीत द्या आणि त्याची पोच घ्या.